पांढरी, काळी आणि बोरीचा पूर

अक्कलकोट तालुक्यात पुराची गोष्ट काढली की समोरचा आधी हसतो. "इथं उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी रांग लागते, आणि तुम्ही पूर सांगताय होय?" त्याचं हसणं वावगं नाही. हा अवर्षणाचा मुलूख. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून गावोगाव आहेत. बोरी आणि हरणा या आपल्या नद्या वर्षातले कितीतरी महिने वाळू आणि डबकी एवढ्याच उरतात. पण घर बांधणाऱ्याला फसवते ती नेमकी अशीच नदी. दरसाल दुथडी भरून वाहणाऱ्या नदीच्या काठी कुणी सहसा बेसावध राहत नाही. जी नदी वर्षानुवर्षं पात्राबाहेर पाऊल टाकत नाही, तिच्या काठची जागा मात्र मोकळी, सपाट आणि स्वस्त दिसते. म्हणून जुन्या लोकांनी घराची जागा कशी पाहिली आणि आपण ती कशी पाहतो, हे आज जरा तपासून पाहू.

जुन्या गावाच्या भाषेत जमीन दोन रंगांची. काळी शेताची आणि पांढरी घरांची. काळीत नांगर चालायचा, पांढरीवर माणसं नांदायची. ही पांढरी बहुतेक ठिकाणी नदीपासून हाकेच्या अंतरावर, पण चढावर असते. पाणी आणायला जवळ हवं, घरात शिरायला दूर हवं, असा तो हिशेब. शिवाय पिढ्यान् पिढ्या मातीची घरं पडायची, त्याच जागी नवी उभी राहायची, राख-शेणमातीची भर पडायची; त्यामुळं गावठाण आपोआप आणखी उंच होत गेलं. पाटला-देशमुखांची गढी तर सगळ्यात वरती. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. उंचवट्याचा हा लाभ सगळ्यांना सारखा नव्हता. अनेक गावांत गावकुसाबाहेरच्या वस्त्यांच्या वाट्याला ओढ्याकाठचा, खोलगट भाग आला. पूर आला की पाणी आधी कुणाच्या दारात जायचं, हे जातीनं ठरवून ठेवलेलं होतं. वाडवडिलांच्या शहाणपणाची स्तुती करताना हा भाग गाळून चालायचा नाही.

हे शहाणपण किती जुनं, म्हणाल तर भीमेच्याच खोऱ्यात त्याचा पुरावा आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली, आणि तिच्याबरोबर दगडमातीचा एक बांध आणि पाटही निघाला. लोखंड हाताशी नसलेल्या माणसांनी पुराचं पाणी अडवायची आणि वळवायची तजवीज केली होती.

आपल्या बोरीवरचाच दाखला हवा असेल तर वर नळदुर्गला चला. किल्ल्यात बोरीवर दगडी धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल केला आहे. काळ दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा, साल १६१३. पावसाळ्यात धरणावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. बघायला गर्दी होते. फोटो निघतात. पण घरमालकानं तिथं बघायची गोष्ट निराळी आहे. त्या कारागिरांनी पाणी साठवण्याच्या आधी जादा पाणी कुठून जाणार हे ठरवलं. नदीला वाट दिली, म्हणून बांधकाम चारशे वर्षं उभं राहिलं. आपण प्लॉट पाहताना रस्ता कुठं, वीज कुठं, हे विचारतो. पाण्याची वाट कुठं, हे विचारायचं राहून जातं.

मग पांढरी सुटली कशी? गावठाण अपुरं पडलं. डांबरी सडक झाली, ती बहुधा सखल भागातून गेली. दुकानं आणि घरं तिच्या कडेला आली. नळ आले, बोअर आले, तेव्हा पाण्याजवळची जागा नि उंचावरची जागा हा विचारच मागं पडला. पांढरीची माती काही ठिकाणी शेतात खत म्हणून आणि माळवदावर घालायला खणून नेली, तो उंचवटाही झिजला. आणि वर धरण झालं. बोरीवर कुरनूरचं धरण झाल्यावर खालच्या माणसाला वाटू लागलं, आता नदी कुलपात आहे.

हे कुलूप कसं चालतं ते नीट समजून घ्या. आपलं धरण मुख्यतः पाणी साठवण्यासाठी आहे. म्हणून पावसाळा संपत येतो तसं ते भरत आणतात, आणि ते योग्यच आहे. नाहीतर उन्हाळ्यात प्यायचं काय? पण आपल्याकडं मोठा पाऊस बहुधा परतीचाच, सप्टेंबर-ऑक्टोबरातला. त्या वेळी धरण भरलेलं असतं, काळी जमीन पाणी पिऊन तट्ट झालेली असते. वरून पाऊस कोसळला की जमिनीत मुरत नाही, धरणात मावत नाही. येईल तेवढं पाणी खाली सोडावंच लागतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये अगदी हेच झालं. बंगालच्या उपसागरातलं वादळी पावसाचं क्षेत्र १३ तारखेला काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं आणि तेलंगण, कर्नाटक करत आपल्या अंगावर आलं. हैदराबाद बुडालं ते याच पावसात. कुरनूरमधून बोरीत मोठा विसर्ग झाला आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. सांगवी खुर्दला १९ ऑक्टोबरला मुख्यमंत्री पाहणीला आले होते, तेव्हा हे नाव राज्यभर ऐकू आलं. तिकडं भीमाही फुगलेली होती. भीमा चढली की तिला मिळणाऱ्या बोरीचं पाणी तुंबतं, मागं सरतं. यालाच फुगवटा म्हणतात. म्हणजे तुमच्या गावावर पाऊस थांबला असला, तरी पाणी चढतच राहू शकतं. पुढं सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं तोच धडा दिला. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला.

रेडिओवर "अमुक क्युसेक विसर्ग" असं सांगतात, त्याचा अर्थही लक्षात ठेवा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर एकदम ओतल्यासारखं. "टिक" म्हणेपर्यंत अठ्ठावीस.

आता सरकारी रेषांविषयी. राज्याच्या पाटबंधारे खात्यानं १९८९ मध्ये परिपत्रक काढून नदीकाठी दोन रेषा ठरवल्या. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, किंवा नदीच्या पात्रात मावणाऱ्या पाण्याच्या दीडपट पाण्याची. यांतलं जे जास्त ते धरायचं. तिच्या आत घर बांधायचं नाही; शेती, बाग, मैदान ठीक. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणाच्या खाली असाल तर धरणातून सुटणारं जास्तीत जास्त पाणी आणि धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचा पूर, दोन्ही धरून ती आखतात. निळ्या-लालच्या मधे बांधायचं तर अटी आहेत, जोतं पूरपातळीच्या वर घ्यावं लागतं.

"शंभर वर्षांतून एकदा" या शब्दांनी मात्र फार घोटाळा केला आहे. "आजोबांच्या वेळी आला होता, आता नातवाच्या वेळी येईल," असं लोक समजतात. पुराला पाळी नसते. त्याचा अर्थ इतकाच की दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, गेल्या वर्षी आलेला असला तरी. गुरुजींनी सातवी-आठवीच्या मुलांकडून हे गणित करून घ्यावं. घरकर्ज फेडायला तीस वर्षं लागतात असं धरा. लाल रेषेच्या काठावरच्या घराला तेवढ्या काळात एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता शंभरात सव्वीस, म्हणजे चार घरांत एक. निळ्या रेषेवरच्या घराला शंभरात सत्तर. जुगारी माणूसही एवढ्या बोलीवर घर लावणार नाही.

आणि या रेषा सगळीकडं आखलेल्या नाहीत. शहराजवळच्या, मोठ्या नदीच्या टप्प्यांत त्या मिळतात. तुमच्या प्लॉटमागच्या ओढ्याला कुणी रेषा ओढलेली नसते. तिथं आपले डोळे कामाला लावायचे. जलसंपदा खात्यात आणि तालुक्याच्या कचेरीत चौकशी कराच, पण त्याबरोबर तलाठ्याकडचा गावनकाशा पाहा. त्यावरची ओढ्याची रेघ आज प्लॉटच्या मधून जाते का? जागेवर चर खणताना वाळूचा, गोट्यांचा थर लागला तर समजा, नदी इथं कधीतरी झोपून गेली आहे. पुलाखाली आणि बाभळीच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा किती उंचीवर आहे ते बघा. म्हाताऱ्या बायकांना विचारा. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं हे त्यांना पक्कं आठवतं, कारण घरातला चिखल त्यांनीच काढलेला असतो.

जुन्या मातीच्या घरांत राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. कच्च्या विटांची भिंत बहुधा पाणी असताना उभी राहते आणि ओसरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसते. पाया भिजून मऊ झालेला असतो, माळवदाचा भार वर तसाच असतो. पाणी गेलं म्हणून लगेच आत झोपायला जाऊ नका.

शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या खांबावर, चावडीच्या जोत्यावर २०२० चं पाणी जिथवर आलं होतं, तिथं डांबराची आडवी रेघ मारा आणि शेजारी साल लिहा. दर पोळ्याला बैल रंगवताना ती रेघही पुन्हा रंगवा. मास्तर बदलून जातील, पुढारी बदलतील. घरासाठी जागा बघायला आलेला नवा माणूस आधी त्या रेघेपाशी उभा राहून आपली उंची मोजून बघेल.