गाठ काढली, मग गोळ्या कशाला?

आपल्या बचत गटाच्या बैठकीत ऑपरेशनचा विषय निघाला की गर्भपिशवी, मुतखडा, अपेंडिक्स अशी नावं निघतात. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं नाव आमच्या बैठकीत आलं ते अगदी अलीकडे. आता पोटाची सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन तालुक्यालाही होतात, त्यामुळे ही गाठ सापडते आणि गावातली एखादी ताई मोठ्या दवाखान्यात जाऊन ती काढूनही येते. ताई घरी येते, सोबत गोळ्यांची पिशवी असते, आणि घरचे विचारतात, "गाठ तर काढली, मग आता गोळ्या कशाला?"

प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर सापडायला डॉक्टरांना जवळपास शंभर वर्षं लागली, आणि ते सापडेपर्यंत बरीच माणसं दगावली. आज आपण तोच इतिहास ऐकू या.

आधी ही ग्रंथी कुठे असते ते पाहू. आपल्याला दोन मूत्रपिंडं असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी बसलेली असते. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. मराठी पुस्तकांत तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिचे दोन भाग असतात, फळाची साल आणि आतला गर असतो तसे. आतल्या भागात अ‍ॅड्रिनॅलिन तयार होतं. आपण दचकलो की छाती धडधडते, ते त्याचंच काम. बाहेरच्या भागात कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन तयार होतात. कॉर्टिसोल शरीराला आजारपण, ताप, जखम सोसायची ताकद देतं. अल्डोस्टेरॉन अंगातलं मीठ-पाणी आणि रक्तदाब सांभाळतं.

एवढीशी ग्रंथी काय कामाची, हे फार काळ कुणाला कळलं नव्हतं. १८५५ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन या डॉक्टरांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात अकरा रोग्यांची हकिगत होती. ही माणसं दिवसेंदिवस अशक्त होत गेली, त्यांची भूक गेली, उलट्या सुरू झाल्या, कातडी काळवंडली, आणि शेवटी ती गेली. मृत्यूनंतर पाहिलं तर त्यांच्या या ग्रंथी बिघडलेल्या होत्या, त्यातल्या अनेकांच्या क्षयरोगाने. क्षयाने या ग्रंथी निकामी होणं आपल्या देशात आजही घडतं, म्हणून ही गोष्ट आपल्याला लांबची नाही. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, ब्राऊन-सेकार या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी फार काळ जगले नाहीत. एवढं कळलं की या ग्रंथींशिवाय जगता येत नाही.

मग दुसरी बाजू समोर आली. १९१२ साली अमेरिकेतले सर्जन हार्वी कुशिंग यांनी २३ वर्षांच्या एका तरुणीची हकिगत नोंदवली. तिचा चेहरा गोल झाला होता, पोट सुटलं होतं, पाळी बंद झाली होती, अंगावर केस वाढले होते. १९३२ साली त्यांनी अशा बारा जणांची माहिती एकत्र मांडली. अंगात कॉर्टिसोल फार झालं की असं होतं, हे पुढे उलगडत गेलं. या आजाराला आज कुशिंगचंच नाव आहे. त्याचं एक कारण म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली गाठ. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. वजन वाढलं, चेहरा सुजला, पाळी गेली, तर आपल्याकडे "सुखानं सुटलीय" म्हणून सोडून देतात. पण पोटावर रुंद जांभळे पट्टे उठणं, जरा लागलं तरी काळंनिळं पडणं, खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणं ही सुखाची लक्षणं नाहीत. ती तपासून घ्यावी लागतात.

गाठ कळली, मग ती काढायला सुरुवात झाली. आणि इथेच डॉक्टर बुचकळ्यात पडले. ऑपरेशन नीट व्हायचं, गाठ पूर्ण निघायची, आणि तरी एक-दोन दिवसांत रोगी खचायचा. रक्तदाब उतरायचा, ताप चढायचा, आणि माणूस जायचं. एका बाजूची ग्रंथी तर शाबूत होती, मग असं का? शवविच्छेदनात दिसलं की शाबूत वाटणारी ती दुसरी ग्रंथी वाळलेल्या शेंगेसारखी आक्रसून गेली होती.

याचं कारण समजायला आपण बैलजोडी डोळ्यांपुढे आणू. जोडीतला एक बैल बेफाम ओढू लागला की दुसऱ्याच्या खांद्यावर भारच येत नाही. महिनोन् महिने असं चाललं तर त्याचा खांदा जुवाला विसरतो. मग एके दिवशी तो बेफाम बैल सोडला आणि सगळा नांगर दुसऱ्यावर टाकला, तर तो बसणारच. शरीरात हा भार वाटून देणारी ग्रंथी मेंदूखाली असते, तिचं नाव पीयूषिका. रक्तात कॉर्टिसोल भरपूर दिसलं की ती अ‍ॅड्रिनलला हुकूम पाठवायचं थांबते. हुकूम नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून ग्रंथी आक्रसते. १९३७ साली अमेरिकेत ड्वाइट इंगल आणि एडवर्ड केंडल यांनी उंदरांवर हे दाखवून दिलं. बाहेरून या ग्रंथीचा अर्क भरपूर दिला, तर उंदरांच्या स्वतःच्या ग्रंथी लहान होत गेल्या.

कारण कळलं, पण उपाय हातात नव्हता. दुसरी ग्रंथी जागी होईपर्यंत आधार कशाचा द्यायचा? प्राण्यांच्या ग्रंथींचा अर्क मिळायचा, पण तो फार थोडा. केंडल आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं त्यातलं नेमकं द्रव्य शोधत होते. मर्क कंपनीत लुईस सॅरेट यांनी ते बैलांच्या पित्तापासून बनवलं. त्यासाठी तिसाहून जास्त पायऱ्या कराव्या लागत. हे औषध म्हणजे कॉर्टिसोन. सप्टेंबर १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी ते पहिल्यांदा संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला दिलं. जिला अंथरुणातून उठवत नव्हतं, ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली केंडल, हेंच आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. १९५२ साली अपजॉन कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी शिळ्या भाकरीवर येते तसल्या बुरशीकडून या कामाची अवघड पायरी करून घेतली, कच्चा माल मेक्सिकोच्या रानकंदातून येऊ लागला, आणि औषध स्वस्त होत गेलं.

ऑपरेशन झालेल्यांना आता आधार मिळाला. दोन्ही ग्रंथी काढल्या तरी गोळ्यांवर माणूस जगू लागला. पण नव्या औषधाने नवा धडाही शिकवला. १९५२ सालीच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका रोग्याची हकिगत छापली. संधिवातासाठी तो बरेच महिने कॉर्टिसोन घेत होता. खुब्याच्या ऑपरेशनसाठी ते बंद केलं आणि ऑपरेशननंतर तो दगावला. त्याच्या दोन्ही ग्रंथी आक्रसलेल्या निघाल्या. म्हणजे गाठ असो की बाहेरून घेतलेली गोळी, ग्रंथीला झोप सारखीच लागते, आणि त्या झोपेत आधार एकदम काढला तर जीव जातो.

आधार नीट दिला तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. ऑक्टोबर १९५४ मध्ये ३७ वर्षांच्या एका माणसाचं पाठीचं मोठं ऑपरेशन झालं. त्याला अ‍ॅडिसनचा आजार होता. ऑपरेशनच्या काळात त्याच्या औषधाचं प्रमाण वाढवलं आणि नंतर हळूहळू उतरवलं. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी हे नाव न देता छापलं. ते होते जॉन केनेडी. १९६१ साली ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

मैत्रिणींनो, अ‍ॅड्रिनलची प्रत्येक गाठ एकसारखी नसते, म्हणून शेजारणीच्या गोळ्यांशी आपल्या गोळ्या ताडून पाहू नयेत. १९५४ साली मिशिगनमध्ये डॉ. जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली. रक्तदाब जास्त, रक्तात पोटॅशियम कमी, हातापायांत गोळे आणि अशक्तपणा. तिची गाठ अल्डोस्टेरॉन जास्त बनवत होती. ती काढल्यावर तिचा त्रास गेला. अशा ऑपरेशननंतर पोटॅशियमच्या गोळ्या सहसा थांबतात, रक्तदाबाच्या कमी होतात, पण सगळ्यांच्याच पूर्ण सुटतात असं नाही. आतल्या भागातली गाठ अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं सोडते. तिच्यासाठी ऑपरेशनच्या आधीच रक्तदाबाची खास औषधं देतात, आणि नंतर रक्तदाब व साखर उतरते का ते पाहतात. कॉर्टिसोलची गाठ असेल तर आधाराच्या गोळ्या लागतात. दोन्ही ग्रंथी काढल्या असतील तर त्या जन्मभर घ्याव्या लागतात.

१९९२ साली कॅनडात मिशेल गॅन्ये यांनी पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीने ही ग्रंथी काढली. तेव्हापासून जखम लहान झाली, घरी जाणं लवकर झालं. पण त्यामुळेच घोटाळा होतो. टाके वाळले की घरच्यांना वाटतं, बाई बरी झाली. आतली ग्रंथी मात्र अजून झोपलेलीच असते. तिला जागं व्हायला कित्येक महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षंही.

आमच्या एका गटातल्या ताईचं असंच झालं. तिसऱ्या महिन्यात गोळ्या संपल्या. सासूबाई म्हणाल्या, "आता पुरे झाल्या, औषधानंच तू गळून गेलीस." तिलाही ते पटलं, कारण ऑपरेशनच्या आधीपेक्षा आता अंग जास्त दुखत होतं. चौथ्या दिवशी उलट्या आणि चक्कर. गटातल्या दोघींनी आशाताईंना बोलावलं आणि फाइल घेऊनच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कागद पाहून हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. ती वाचली. पुढच्या रक्त तपासण्यांच्या जाण्या-येण्याला गटाने अंतर्गत कर्ज दिलं.

ताईचं अंग दुखत होतं तेही खरंच होतं. जादा कॉर्टिसोलची सवय झालेल्या शरीराला आता बेताचं मिळतं. म्हणून सांधे दुखतात, थकवा येतो, मन उदास होतं. हा आळस नव्हे आणि ऑपरेशन बिघडलं असंही नव्हे. पण हे डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे गोळी उतरवण्याचा वेग ते ठरवतात. कर्ज आपण हप्त्याहप्त्याने फेडतो, तशी ही गोळी पायरीपायरीने कमी होते. साधारण दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनपर्यंत आणतात, त्यातला मोठा वाटा सकाळी, कारण शरीर स्वतःही पहाटेच जास्त कॉर्टिसोल बनवतं. मग ठराविक दिवशी, सकाळची गोळी घेण्याआधी, रक्त तपासतात. ग्रंथी जागी झाल्याचं त्यात दिसलं तरच गोळी बंद होते. किती आणि कधी, हे ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आपण गटात एवढं लक्षात ठेवू या. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणायच्या. उपास असला तरी गोळीला उपास नाही. ताप आला, दात काढायचा असला किंवा दुसरं ऑपरेशन निघालं, तर डोस वाढवावा लागतो, म्हणून तो किती वाढवायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं. उलटीत गोळी पडून गेली, फार चक्कर आली, पोटात जोराने दुखलं, बोलणं असंबद्ध झालं, तर घरी थांबायचं नाही. तेव्हा इंजेक्शनच लागतं. "हिची अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढली आहे, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत," हे एक वाक्य चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवायचं आणि घरातल्या एकाला तरी पाठ करून द्यायचं.

आणि ज्यांचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांच्यासाठीही एक गोष्ट. गुडघेदुखीवर कुठे कुठे पुडीत बांधून बिननावाच्या गोळ्या मिळतात. दोन दिवसांत आराम पडतो. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. महिनोन् महिने घेतलं तर आपली चांगली ग्रंथीही झोपी जाते. अशा गोळ्या घेत असाल तर घाबरून एकदम बंद करू नका. उरलेली पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दाखवा.

आपल्या गावात अशी एखादी ताई असेल तर तिच्या घरी जाऊन तिच्या घरच्यांना बैलजोडीचं उदाहरण सांगा. ते त्यांना लगेच कळेल.