तोंडाच्या कॅन्सरनंतर जबडा आणि दात : काय बसवता येतं, कधी बसवता येतं आणि आधी काय विचारायचं

नागपूर : तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पेशंट घरी आला. पण खरी अडचण ताटावर बसल्यावर कळते. भाकर चावत नाही, पाणी नाकातून येतं, बोललेलं घरच्यांनाही समजत नाही. मग माणूस लग्नकार्यात जाणं सोडतो आणि एकटाच कोपऱ्यात बसून पातळ वरण पितो. यावर उपाय आहेत. मात्र त्यातले बरेच ऑपरेशन आणि रेडिएशनच्या आधी ठरवावे लागतात, आणि हेच अनेकांना उशिरा कळतं.

जबडा का काढावा लागतो?

विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा खाल्ला जातो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा गावोगावी चालूच आहे. त्याची गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये तासन् तास दाबून ठेवतात. तिथे झालेला कॅन्सर हिरडीखालच्या हाडापर्यंत गेला, की गाठीबरोबर जबड्याचा तुकडाही काढावा लागतो.

वरचा जबडा : टाळूची प्लेट

टाळूचा भाग काढला की तोंड आणि नाक यांच्यात भोक राहतं. ते बंद करायला दातांच्या कवळीसारखी प्लेट करतात. तिला ऑब्ट्युरेटर म्हणतात. ती घातली की अन्न नाकात जात नाही आणि आवाज बराच सुधारतो.

पहिली प्लेट ऑपरेशनच्या वेळीच बसवता येते, पण तिचं माप ऑपरेशनआधी घ्यावं लागतं. जखम भरताना दुसरी, तात्पुरती प्लेट देतात. काही महिन्यांनी जखम पूर्ण बसली की कायमची प्लेट होते. ती रोज काढून धुवावी लागते. सैल झाली तर दुरुस्त करून घ्यावी, घरी घासून बसवू नये.

खालचा जबडा : पायाचं हाड

खालच्या जबड्याचा तुकडा गेला आणि जागा तशीच राहिली, तर उरलेला जबडा एका बाजूला सरकतो. म्हणून पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिनीसह काढून तिथे बसवतात आणि ती रक्तवाहिनी मानेतल्या रक्तवाहिनीला जोडतात. जबड्यासाठी ही पद्धत न्यूयॉर्कच्या डॉ. डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये मांडली. पायाचं हाड काढलं तर चालता येईल का, ही भीती सगळ्यांनाच असते. शरीराचा भार मुख्यतः नडगीच्या हाडावर असतो, त्यामुळे पाय बरा झाल्यावर बहुतेक पेशंट चालू शकतात. ज्यांना एवढं मोठं ऑपरेशन झेपत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरा मार्ग निवडतात.

इम्प्लांट म्हणजे काय?

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर दात किंवा कवळी बसते. स्वीडनचे डॉ. ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. त्या पेशंटच्या जबड्यात जन्मापासून दोष होता. ते स्क्रू ४० वर्षांपेक्षा जास्त टिकले.

स्क्रू हाडाशी एकजीव व्हायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. पायाच्या हाडातही ते बसवता येतात. मात्र रेडिएशन झालेल्या हाडात ते न धरण्याचा धोका जास्त असतो. अशा वेळी डॉक्टर सहसा ६ ते १२ महिने थांबायला सांगतात. त्या जागी किरणांचा डोस किती गेला, हे पाहूनच निर्णय होतो. तंबाखू चालू असेल तर इम्प्लांट फसण्याची शक्यता आणखी वाढते.

रेडिएशनआधी दात तपासा

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. रेडिएशनने जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर दात काढला तर जखम भरत नाही, हाड सडू शकतं आणि ते उघडं पडतं. हा धोका वर्षानुवर्षे राहतो.

- किडलेले, हलणारे दात रेडिएशनच्या किमान २ ते ३ आठवडे आधी काढून घ्यावेत.
- रेडिएशन झाल्यावर दात दुखला तर गावात कुणाकडूनही उपटून घेऊ नये. कॅन्सरच्या डॉक्टरला आधी विचारावं.
- लाळ कमी झाल्याने दात लवकर किडतात. फ्लोराइडचा उपचार विचारून घ्यावा. पाणी थोडं थोडं पीत राहावं.
- तोंड उघडण्याचा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज करावा. तोंडच उघडलं नाही तर प्लेटचं मापही घेता येत नाही.

नागपुरात कुठे?

मेडिकल परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे कृत्रिम दात आणि जबड्याचं काम करणारा प्रोस्थोडॉन्टिक्स विभाग आहे. कॅन्सरच्या उपचारासाठी मेडिकल, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याचं राष्ट्रीय कॅन्सर संस्थान आहे. वर्धा बाजूच्या लोकांना सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालय जवळ पडतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन येतं. प्लेट किंवा इम्प्लांटचा खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं.

ऑपरेशनआधी विचारायचे चार प्रश्न

१. जबड्याचा किती भाग निघणार?
२. त्या जागी हाड बसवणार की प्लेट?
३. दातांच्या डॉक्टरला कधी दाखवायचं?
४. नंतर दात बसवता येतील का?

बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि रेडिएशनच्या डोसची नोंद एकाच फाइलमध्ये जपून ठेवावी. पाच वर्षांनीही दातांचा डॉक्टर तीच फाइल मागतो. खर्रा, तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय टोल फ्री क्रमांक आहे.