घरगुती जेवण मिळेल

१७ नोव्हेंबर १९९७, संकष्टी. दिवेआगरच्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत सोन्याचा गणपती निघाला. श्रीवर्धन तालुक्यातलं हे आडबाजूचं किनारी गाव मुंबई-पुणेकरांच्या वाटेवर आलं. दर्शनाला आलेल्याला भूक लागणार, परतायला उशीर झाला तर खोलीही लागणार. मग वाड्यांच्या फाटकांवर पाट्या वाढल्या: ‘घरगुती जेवण मिळेल’. या किनाऱ्यावरच्या होमस्टेंच्या इन्स्टाग्राम खात्यांची पणजी मी त्या पाटीला मानतो.

पाटी वाचायला मात्र गावात यावं लागे. गावाबाहेर जाहिरात जायची ती पाहुण्याच्या खिशातल्या कार्डातून आणि त्याच्या तोंडून. ‘अमक्यांकडे उतरा, मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवा.’ मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदार मारले गेले आणि मूर्ती गेली. येण्याचं मोठं कारणच हरपलं. उरला समुद्र, सोलकढी आणि पोफळीची सावली. ते लांबच्या माणसाला दाखवायला फेसबुक तोवर हाताशी आलं होतं.

२०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला, २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आलं. खोलीचे फोटो, दर, ठरावीक उत्तरं एकाच जागी. आगाऊ रक्कम यूपीआयने. बुकिंग साइटचं कमिशन वाचलं, हा खरा नफा. ३ जून २०२०ला निसर्ग वादळानं वाड्या आडव्या केल्या, तेव्हा वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलं. हातातल्या फोनचा उपयोग शून्य. पण पोफळ नव्यानं धरायला वर्षं लागतात, खोली दुरुस्त झाली की लगेच कमावते. त्यामुळे वाडीवाल्यांची भिस्त पाहुण्यांवर आणखी वाढली.

त्याच वर्षी जुलैत भारतात इन्स्टाग्रामची रील सुरू झाली. तिचं कौतुक मला बेतानंच वाटतं. तीन खोल्यांच्या घराला लाखभर प्रेक्षक घेऊन काय करायचंय? रील पाहून येणारा बहुधा पुढच्या सुट्टीत दुसरा किनारा शोधतो. जुन्या पाहुण्यांचे नंबर जपून मे महिन्याआधी त्यांना दोन ओळी धाडणारा मालक जास्त शहाणा.

तेव्हा गाव हवं तर रील पाहून निवडा, पण खोलीचे पैसे थेट वाडीवाल्याच्या हाती पडतील असं बघा.