ओवलेल्या फुलांचे शहर

१/ जुन्या वस्तूंच्या बाजारात १९५० आणि १९६० च्या दशकांतील प्लास्टिकच्या माळा आजही हाती लागतात. फुलांच्या आकाराचे मणी, फिकट गुलाबी किंवा आकाशी पाकळ्या, मध्यभागी एक पिवळा ठिपका. त्यांतील अनेकींच्या हुकावर बारीक अक्षरांत एकच नाव उमटवलेले असते : हाँगकाँग. या नावामागे एका निर्वासित शहराचा इतिहास आहे.

२/ प्रथम फुलाची रचना पाहू. फूलमण्याच्या मधोमध छिद्र असते. दोरा छिद्रातून वर येतो, एका बारीक मण्यातून फिरतो आणि त्याच छिद्रातून खाली जातो. तो बारीक मणी म्हणजे फुलाचा परागकोश, आणि पाकळ्या अडवून धरणारी गाठही तोच. फुलदाणीतील प्लास्टिकचे फूलही याच तत्त्वावर बनते : पाकळ्यांचे थर एकावर एक चढवायचे, फक्त दोऱ्याऐवजी देठावर.

३/ पाकळी यंत्र घडवते. प्लास्टिकचे दाणे वितळवून दाबाने धातूच्या साच्यात सोडतात आणि थंड झाल्यावर साचा उघडतात. एका दाबात अनेक पाकळ्या तयार होतात. परंतु थर जुळवणे, केसर बसवणे, पान अडकवणे हे काम यंत्राला जमत नव्हते. त्यासाठी बोटे लागत. स्वस्त आणि पुष्कळ बोटे.

४/ ती बोटे हाँगकाँगमध्ये कोठून आली? १९४५ साली, जपानी ताबा संपला तेव्हा, या ब्रिटिश वसाहतीची लोकसंख्या सुमारे ६ लाख होती. चीनमधील यादवी युद्ध आणि १९४९ ची साम्यवादी क्रांती यांमुळे माणसांचे लोंढे सीमा ओलांडून आले. १९५० च्या दशकाच्या आरंभी ही संख्या २० लाखांपुढे गेली होती.

५/ त्याच वेळी शहराचा जुना धंदा बसला. हाँगकाँग जगत होते ते चीनच्या व्यापारावर. कोरियन युद्धामुळे १९५१ साली संयुक्त राष्ट्रांनी चीनवर व्यापारी निर्बंध लादले. गोदीतील मालाची ये-जा मंदावली. दुसऱ्यांचा माल पुढे पाठवणाऱ्या शहराला आता स्वतः माल बनवणे भाग होते.

६/ २५ डिसेंबर १९५३ च्या रात्री शेक किप मेई येथील झोपडवस्तीला आग लागली आणि सुमारे ५३ हजार माणसे एका रात्रीत बेघर झाली. त्यानंतर सरकारने पुनर्वसनाच्या बहुमजली इमारती उभारल्या. पाच प्रौढांच्या कुटुंबाला साधारण १२० चौरस फुटांची एक खोली मिळे. नळ आणि शौचकूप सामाईक. हीच खोली पुढे फुलांचा कारखाना झाली.

७/ ली का-शिंग हा लहानपणी युद्धामुळे चीनमधून आलेला तरुण. १९५० साली त्याने प्लास्टिकच्या वस्तूंचा कारखाना काढला. इटलीत प्लास्टिकची फुले लोकप्रिय होत असल्याचे वाचून १९५७ साली तो तेथे गेला, तंत्र पाहून परतला आणि फुले बनवू लागला. पुढे त्याला ‘प्लास्टिक फुलांचा राजा’ म्हणत. इतरही अनेक कारखाने निघाले आणि १९६० च्या दशकात या व्यवसायात हाँगकाँग जगात अग्रेसर ठरले.

८/ कारखान्यातून सुट्या पाकळ्यांच्या पिशव्या घरोघरी जात. आई, आजी, शाळेतून आलेली मुले, सारे रात्री दिव्याखाली बसत. मजुरी ग्रोसवर, म्हणजे १४४ नगांवर ठरे. कँटनीज भाषेत या कामाला जो शब्दप्रयोग रूढ झाला, त्याचा शब्दशः अर्थ ‘प्लास्टिकची फुले ओवणे’ असाच आहे. हाँगकाँगच्या एका पिढीचे बालपण या दोन शब्दांत मावते.

९/ या कामाकडे केवळ शोषण म्हणून पाहिले तर चित्र अपुरे राहते. तान्हे मूल सांभाळणाऱ्या स्त्रीला घराबाहेर न पडता चार पैसे मिळत, शाळेचे शुल्क भरले जाई. पण केवळ जिद्दीची कथा म्हणून ते सांगितले तर आठ वर्षांच्या मुलाची दुखणारी बोटे कथेतून गळून पडतात. इतिहासाला दोन्ही बाजू एकाच दोऱ्यात ओवाव्या लागतात.

१०/ हा दोरा १९६७ साली तुटला. सान पो काँग भागातील कृत्रिम फुलांच्या एका कारखान्याने एप्रिलमध्ये कडक नियम लावले. यंत्र बंद पडले तर त्या वेळेची मजुरीही बुडणार होती. कामगारांनी विरोध केला, काहींना काढून टाकण्यात आले. ६ मे रोजी कारखान्याच्या दाराशी पोलीस आणि कामगार यांच्यात झटापट झाली.

११/ चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती पेटलेली होती. हाँगकाँगमधील डाव्या संघटनांनी या तंट्याला वसाहतवादविरोधी लढ्याचे रूप दिले. संप, संचारबंदी, गोळीबार आणि नंतर रस्त्यांवर पेरलेले बाँब. ऑगस्टमध्ये नॉर्थ पॉइंट भागात बाँबस्फोटात दोन लहान भावंडे ठार झाली. वर्षअखेरीपर्यंत ५१ जणांचा बळी गेला.

१२/ सरकारने बळ वापरून उठाव मोडला. पण असंतोषाचे मूळ खरे आहे हे त्यालाही उमगले. १९६८ साली रोजगारविषयक नवा कायदा झाला. कारखान्यांतील स्त्रिया आणि किशोरवयीन कामगार यांचे तास टप्प्याटप्प्याने घटवून १९७१ पर्यंत आठवड्याला ४८ वर आणले गेले. १९७८ साली नऊ वर्षांचे शिक्षण मोफत झाले. घरातील दिव्याखाली मात्र तास मोजणारे घड्याळ नव्हते.

१३/ पुढे फुलांची हौस ओसरली, मजुरी वाढली, आणि चीनने १९७८ नंतर दारे उघडल्यावर कारखाने सीमेपलीकडे ग्वांगडाँग प्रांतात गेले. पाकळ्यांच्या पिशव्याही गेल्या. बोटे बदलली; काम तेच राहिले.

१४/ आज हौसेने फूलमणी ओवून केलेल्या दागिन्याला ‘हस्तनिर्मित’ म्हणतात आणि त्या शब्दासाठी अधिक किंमत मोजतात. ती जुनी स्वस्त माळही हातांनीच ओवलेली होती. तिच्यावर शहराचे नाव उमटले, ओवणाऱ्यांचे नाही. म्हणून अशी माळ हाती आली, तर हुकावरचे नाव वाचून थांबू नये. मधला पिवळा मणी कोणत्या खोलीत, किती वाजता बसवला गेला असेल, हाही प्रश्न विचारावा.

धागा समाप्त.