यकृतरुग्णांची बाजू आणि आरोग्य धोरण : कोलकात्यातील प्रयत्नांची पार्श्वभूमी

कोलकाता : यकृताच्या आजारांविषयीचे भारताचे आरोग्य धोरण गेल्या काही वर्षांत लक्षणीय बदलले आहे. २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी, केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य देण्याची तरतूद त्यात आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात मेद साठण्याचा विकारही असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट झाला.

या बदलामागे रुग्णांचा रेटा किती, हा प्रश्न सरळ नाही. यकृताचा रुग्ण सहसा संघटित होत नाही. हिपॅटायटिस ‘बी’ वर्षानुवर्षे लक्षणांवाचून राहतो आणि निदान झाले तरी नोकरी व विवाहाच्या धास्तीने लपवला जातो. ‘सी’चा रुग्ण बहुधा १२ आठवड्यांच्या औषधोपचाराने बरा होतो आणि आजार मागे टाकतो. सिरोसिस झालेल्याकडे, त्याने दारूला स्पर्शही केलेला नसला तरी, मद्यपी म्हणूनच पाहिले जाते.

ही पोकळी भरून काढण्याचा उल्लेखनीय प्रयत्न कोलकात्यात झाला. सेठ सुखलाल करनानी स्मारक रुग्णालयातील यकृतरोगतज्ज्ञ डॉ. अभिजित चौधुरी यांच्या पुढाकाराने डॉक्टर व नागरिकांनी मिळून २००६ मध्ये ‘लिव्हर फाउंडेशन, वेस्ट बेंगॉल’ ही संस्था उभारली. केवळ निवेदने देण्यापेक्षा गावपातळीवरून पुरावा गोळा करून धोरणकर्त्यांपुढे ठेवण्यावर या वर्तुळाचा भर राहिला. चौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात १,९११ प्रौढांची पाहणी केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ८.७ टक्के व्यक्तींच्या यकृतात मेद आढळला आणि त्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश व्यक्ती लठ्ठ नव्हत्या. हा सुखवस्तू शहरी माणसाचा विकार असल्याच्या समजुतीला त्यामुळे तडा गेला.

बीरभूम जिल्ह्यात संस्थेने पदवीविना उपचार करणाऱ्या ग्रामीण वैद्यकांना प्रशिक्षण दिले. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी यांचा सहभाग असलेला या प्रयोगाचा अभ्यास २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणानंतर उपचारांची गुणवत्ता सुधारली. अनावश्यक औषधे देण्याची सवय मात्र सुटली नाही. डॉक्टरांच्या संघटनांतून विरोध होऊनही राज्य सरकारने अशा प्रशिक्षणाचा विस्तार करण्याचे ठरवले.

औषधांच्या किमतीची लढाई मात्र प्रामुख्याने एचआयव्हीबाधितांच्या संघटनांनी लढली, कारण त्यांच्यातील अनेकांना हिपॅटायटिस ‘सी’चीही लागण झालेली होती. सोफोसबुविर या औषधाच्या १२ आठवड्यांच्या उपचाराची अमेरिकेतील किंमत ८४,००० डॉलर होती. दिल्ली नेटवर्क ऑफ पॉझिटिव्ह पीपल या संघटनेने त्याच्या भारतीय पेटंटला हरकत घेतली. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियाड कंपनीने सात भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले. जानेवारी २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, तथापि मे २०१६ मध्ये पेटंट मंजूर झाले. तोवर भारतीय बनावटीचे स्वस्त औषध बाजारात आले होते आणि मोफत उपचारांचा कार्यक्रम सरकारला परवडण्याजोगा झाला होता. त्याच वर्षी पंजाबने आपल्या राज्यात हिपॅटायटिस ‘सी’वर मोफत उपचार सुरू केले.

आजाराविषयी उघडपणे बोलणाऱ्यांत सर्वपरिचित नाव अमिताभ बच्चन यांचे. १९८२ मधील अपघातानंतर घेतलेल्या रक्तातून आपल्याला हिपॅटायटिस ‘बी’ झाला आणि यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला, असे त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना आग्नेय आशियासाठी हिपॅटायटिसविषयक सदिच्छादूत नेमले. सामान्य रुग्णाला असे बोलणे क्वचितच परवडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस ‘बी’चे २.९८ कोटी आणि ‘सी’चे ५५ लाख रुग्ण होते. ‘बी’ पूर्णपणे बरा करणारे औषध अद्याप नाही; अनेकांना दीर्घकाळ, काहींना आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. जन्मानंतर २४ तासांत दिलेली लस मातेकडून होणारा संसर्ग बऱ्याच अंशी रोखते, परंतु घरी होणाऱ्या प्रसूतींत ती मात्रा हुकण्याचा धोका राहतो. नोकरी आणि शिक्षणात भेदभावास मनाई करणारे संरक्षण एचआयव्हीबाधितांना २०१७ च्या कायद्याने मिळाले. हिपॅटायटिस ‘बी’च्या रुग्णांसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही.