संघटित मजूर आणि कंत्राटदार

म्हैसूरच्या विजयनगरात घराचा स्लॅब पडताना मी अनेकदा पाहिला आहे. काँक्रीट घालणे एकदा सुरू झाले की मध्येच थांबवता येत नाही. निम्मे मजूर आलेच नाहीत तर नुकसान कंत्राटदाराचे. नाक्यावरचा मजूर स्वस्त खरा, पण त्याच्या येण्याची हमी कोण देणार? संघटनेचा मजूर महाग असूनही परवडतो तो इथे.

हमालीच्या कामात महाराष्ट्राने हे पूर्वीच अनुभवले. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या बाजारांतील माथाडी कामगारांना संघटित केले आणि १९६९ साली कायदा झाला. मजुरी त्रिपक्षीय मंडळाकडे जमा होऊ लागली. तिच्यावरील लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस मिळू लागले. व्यापारी न्यायालयात गेले खरे, परंतु टोळीगणिक हिशेब ठेवण्याच्या कटकटीतून तेही सुटले.

बांधकाम मजुरांना कल्याण मंडळांचे छत्र मिळाले ते १९९६ च्या केंद्रीय कायद्याने. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर भरावाच लागे, मात्र लाभ वर्षात ९० दिवस काम केलेल्या नोंदणीकृत मजुरालाच. ही नोंदणी करून देण्यात संघटनांचा मोठा हात राहिला.

याची दुसरी बाजू केरळात दिसली. काम न करता नुसते पाहत राहण्याची मजुरी, ‘नोक्कुकूली’, तिथे वसूल होऊ लागली आणि २०१८ मध्ये सरकारला तिच्यावर बंदी घालावी लागली. तिथे निवड कंत्राटदाराच्या हाती उरलीच नव्हती.