दह्याचा ताळेबंद

आमच्या घरातून दह्याचा प्लास्टिकचा डबा हद्दपार झाला तो चिरंजीवांमुळे. शाळेत पर्यावरणाचा तास झाला आणि संध्याकाळी त्यांनी फडताळातले सत्तावीस रिकामे डबे माझ्यासमोर मांडले. (डाळी भरायला म्हणून ते मीच साठवले होते. तेवढ्या डाळी आमच्याकडे कधीच नव्हत्या.) हिने त्याच रात्री विरजण लावले. मी पडलो बँकेतला कारकून, वर बी. कॉम. जमाखर्च मांडल्याशिवाय मला दहीसुद्धा पचत नाही.

डबा वाचला हे खरे, पण दूध पिशवीतूनच आले ना? मग गुजरीतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर दोन्ही तोलले. शेजारच्या बाई मंगळसूत्र बघायचे सोडून माझ्याकडेच बघत राहिल्या. अर्ध्या लिटरची पिशवी जेमतेम तीन ग्रॅम भरली, डबा झाकणासकट तिच्या चौपट. म्हणजे कर्ज फिटले नाही, हप्ता तेवढा कमी झाला.

हे कर्ज डोक्यावर आले तरी कधी? गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर अजूनही गिऱ्हाइकासमोर धार काढतात. तिथे दुधाचे वेष्टन म्हणजे म्हैस! चरवी आपली घरून न्यायची. मुंबईकरांसाठी १९४९ साली आरे दुग्धवसाहत सुरू झाली. त्या दुधाच्या बाटल्या काचेच्या, पण रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. अशी वसुली आमच्या बँकेलाही साधलेली नाही. इकडे १९६३ साली जिल्हा दूध संघ निघाला, तोच आपला ‘गोकुळ’. पुढे १९७० पासून देशभर दुधाचा महापूर योजना आली आणि हळूहळू पिशवी घरोघर पोचली. तिला नुसती नावे ठेवणे मला जमत नाही. ती फुटत नाही, वजनाला नाही, धुवायला गरम पाणी नको. गावातल्या दोन म्हशीवाल्याचे दूध शहरात न सांडता येते आणि त्याचे दहा दिवसांचे बिल निघते, त्यात तिचाही वाटा आहे.

मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी झाली तेव्हा दुधाची पिशवी सुटली ती अटींवर. जाडी निदान ५० मायक्रॉन हवी आणि रिकामी परत घेताना निदान ५० पैसे द्यायचे, तसे पिशवीवर छापायचे. मी हर्षभरित. दोनशे पिशव्या धुऊन दोरीवर वाळवल्या. कापलेला कोपरा कचऱ्यात हरवतो म्हणून तो अर्धवटच कापायचा, असा घरात फतवा काढला. शंभर रुपये वसूल करायला दुकानात गेलो.

“साहेब, तुम्ही बँकेत नोटा मोजताय तसं मी पिशव्या मोजत बसू काय? घेऊन जावा.”

जावा म्हटल्यावर गेलो. दुसऱ्या दिवसापासून चरवी घेऊन स्कूटरने कट्ट्यावर जाऊ लागलो. चिरंजीवांनी दारातच अडवले, “बाबा, पेट्रोल कुठल्या खात्याला लिहिलंय?”

आता राजारामपुरीहून चालत जातो. येताना निम्मे दूध रस्त्यावर हिंदकळते. उरल्याचे दही छान लागते, पण चिरंजीवांना पुरत नाही. काल फडताळात अठ्ठाविसावा डबा दिसला. कोणी आणला, हे मी अजून विचारलेले नाही.